बाभळीच्या खुंट्या

१

जुन्या गाडीची चासी गंजली आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा: दोन लांब पोकळ बीम आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. हातोडीनं ठोकत जायचं. शाबूत लोखंड ठण्ण वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. तनुजा रोज सकाळी शेडचं शटर वर करायची, चहा यायच्या आत समोरच्या गाडीखाली सरपटत जायची आणि असं ठोकत पडून राहायची. लोक देवापुढं घंटा वाजवतात, आमची ताई चासी वाजवते, असं नवनाथ म्हणायचा. नवनाथ शेडचा वेल्डर, लातूरकडचा. गालात गुटख्याची गोळी आणि तोंडात कोणाची तरी टवाळी, दोन्ही कायमचं.

शेड कुरुळीच्या शिवेवर होती. शेजारी प्रेस शॉप. तिथली मशीनं दिवसभर धप्प, धप्प करत पत्रा ठोकायची आणि शेडमधल्या पान्यांना त्या तालावर बारीक कंप सुटायचा. जमिनी कंपन्यांना गेल्या तेव्हा तनुजाच्या आजोबांनी, कोंडाजींनी, रस्त्याकडेचा हा तुकडा राखला आणि भंगारात आलेल्या ट्रकच्या चाशा उभ्या पुरून शेडचे खांब केले. लोखंड फुकट मिळालं, म्हणून. दर दिवाळीला त्या खांबांवर हिरव्या ऑइलपेंटचा एक हात चढायचा. थर आता एवढा जाड झाला होता की नखानं दाबला तर खळगा पडायचा.

तनुजानं आकुर्डीच्या कॉलेजात मेकॅनिकल केलं, चाकणच्या एका कंपनीत वर्षभर नोकरी केली आणि सोडून दिली. तिला जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करायच्या होत्या. हिंजवडीत बसणाऱ्या लोकांना आताशा जुन्या जीपची हौस आली होती आणि त्यांना हवं तसं बारीक काम करणारं जवळपास कोणी नव्हतं. अडसर एकच. शेड तिच्या थोरल्या चुलत्यांच्या, अर्जुनरावांच्या नावावर होती. घरात त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. एक पॅकिंगवाला शेड गोडाऊनसाठी मागत होता, टेप लावून मापंही घेऊन गेला होता. तनुजानं भांडून भांडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा आप्पांनी अट घातली: रावेतच्या साहेबांची जीप नीट करून दे. साहेब खूश होऊन गेले तर शेडची किल्ली तुझी. न्हाई जमलं, तर गोडाऊन.

रावेतचे साहेब म्हणजे निरंजन. बाहेरून रंग कोणीही मारतो, असं त्याचं म्हणणं. त्याला बीमांचं पोट आतून पाहायचं होतं. गंज काढायचा, आत मेण फवारायचं आणि फवारल्यावर आत कॅमेरा घालून व्हिडिओ दाखवायचा. तो पाहिल्यावरच गाडी नेणार. तनुजा मनातून सुखावली. अखेर कोणी तरी नीट प्रश्न विचारला होता.

आणि पहिल्याच सकाळी, ठोकत ठोकत, तिला खुंट्या दिसल्या.

बीमच्या पोटाला भोकं असतात, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. या जीपच्या डाव्या बीमच्या प्रत्येक भोकात बाभळीची खुंटी ठोकून वर डांबर फासलेलं होतं. तिनं नवनाथला खाली बोलावून दाखवलं. पाण्याची वाट बंद करायची आणि वर गाडी गंजते म्हणून रडायचं, अशा माणसांना काय म्हणावं?

"बूड बंद करून जेवायला बसलेत," नवनाथ म्हणाला.

दोघं गाडीखालीच हसत होते, तेव्हा शटरजवळच्या खुर्चीतून आप्पांचा आवाज आला. ते पेपर वाचत होते. वाकून बघितलंसुद्धा नव्हतं.

"त्या काढू नको."

"का?"

"आमी ठोकल्यात. ही चासी हितंच जोडली व्हती, तुझा आजा असताना."

"पण का ठोकल्यात?"

आप्पांनी पेपरचं पान उलटलं. त्या घरात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर हेच असायचं. शाळेत असल्यापासून तनुजा या पान उलटण्याशी भांडत आली होती.

"आम्ही ठोकल्यात हे कारण नसतं, आप्पा," ती म्हणाली आणि हातोडी उचलली.

२

पहिली खुंटी दात उपटावा तशी निघाली. आधी हलली, मग कुरकुरली, मग एकदम हातात आली. तिचं बाहेरचं टोक डांबरानं काळं आणि टणक होतं. आतलं टोक चघळलेल्या दातणासारखं पिंजलेलं होतं, धागा धागा सुटलेला, ओला.

पाण्यानं होतं असं, तिनं स्वतःला सांगितलं. लाकूड वर्षानुवर्षं ओलं राहिलं की पिंजतं.

मग भोकातून तो रस आला. पाणी नव्हतं ते. तपकिरी, बुळबुळीत, तार धरणारा. तार लांबत लांबत आली आणि तुटली, आणि उताण्या पडलेल्या तनुजाच्या ओठांच्या फटीत एक थेंब पडला.

गाडीखाली काम करणाऱ्याच्या तोंडात काय काय जातं याला हिशेब नाही. ऑइल, माती, कूलंट, सगळं तिनं थुंकलेलं होतं. पण हा थेंब कोमट होता. सकाळची वेळ, रात्रभर गार पडलेलं लोखंड, आणि थेंब कोमट. तोंडात नाणं धरल्यावर लागते तशी चव, आणि तिच्या खाली दुसरी, चरबट, शिळ्या मटणाच्या रश्श्यावर साय धरते तिची.

ती बाहेर येऊन नळाशी थुंकत बसली. चूळ भरली, साबणानं ओठ घासले, नवनाथची बडीशेप मागून खाल्ली. नवनाथ हसत होता. मग त्यानं ती खुंटी उचलून नाकाशी नेली आणि त्याचं हसू थांबलं. गुटख्याची गोळी त्यानं बाहेर थुंकून टाकली, अर्धीच चघळलेली. त्यानं तसं केलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, हे ऑइल न्हाई बगा," तो म्हणाला. "ह्ये कुनाच्या तरी तोंडातलं हाय."

३

ऑइल नव्हतं, पण ते काय असावं हे तनुजाला माहीत होतं, आणि त्यामुळेच तिचा संताप झाला.

ही आप्पांची गंजावरची मात्रा होती. आखाडात बोकड कापला की काकू, म्हणजे आप्पांची बायको दुर्गाबाई, चरबी वेगळी काढून डब्यात ठेवायची. मग एका दुपारी आप्पा शेडच्या मागं चूल मांडून ती चरबी जळक्या ऑइलात वितळवायचे आणि शिडी लावून खांबांच्या वरच्या भोकांतून आत ओतायचे. लोखंडाला पाजायचं, असं म्हणायचे. लहानपणी तनुजा शिडी धरून उभी राहायची आणि वरून ठिबकलेले थेंब तिच्या वेणीत अडकायचे. दोन दोन वेळा न्हायलं तरी शाळेत मुली नाक दाबायच्या.

गेल्या आखाडात तिनंच ते बंद केलं होतं. गिऱ्हाइकं येतात, शेडला खाटकाच्या दुकानाचा वास मारतो, आणि चरबी कुजून उलट आम्ल तयार होतं, लोखंड खातं, असं तिनं चांगलं खडसावून सांगितलं होतं. आप्पांचे गुडघे तेव्हा शिडी चढण्याच्या पलीकडे गेले होते. ते वाद न घालता घरी गेले होते. काकूनं तेवढं विचारलं होतं की चरबीचं काय करू, आणि तनुजा म्हणाली होती, टाकून द्या.

आता तीच घाण या जीपच्या पोटात. तनुजानं उरलेल्या सगळ्या खुंट्या काढल्या. प्रत्येकीचं आतलं टोक पिंजलेलं होतं. खाली पत्र्याची घमेली ठेवली, ती भरली. तेवढ्या बीममध्ये तेवढं मावत नाही हे तिच्या लक्षात आलं, पण त्या वेळी तिला हिशेबापेक्षा राग मोठा होता. शेवटचं घमेलं नेऊन मागच्या चरात ओतताना ती आप्पांच्या खुर्चीजवळून मुद्दाम गेली. आप्पांनी धोतराचा सोगा नाकाला लावला.

"वास येतो ना?" ती म्हणाली. "तुमचाच आहे."

४

मग सगळं रीतसर झालं. गरम पाण्याचा फवारा, तेल काढायचं केमिकल, पुन्हा पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा. मे महिन्याचं ऊन होतं. नवनाथनं आणि तिनं वरची बॉडी उतरवून चासी उघड्यावर नेऊन ठेवली. दुपारी हात लावला तर चटका बसायचा. उजवा बीम त्याच दिवशी खडखडीत झाला. ठोकला की आतून गंजाचे पापुद्रे वाळक्या पानांसारखे झडायचे.

डावा ठिबकत राहिला.

थोडंसंच. बोलताना एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात जमावं तेवढं. तनुजा ते पुसायची, कापड टाकून द्यायची, परत आली की भोकाच्या ओठावर नवा थेंब तयार असायचा. तिनं मनाशी कारणं मांडली. आतल्या जोडात चरबी अडकली असेल, उन्हानं वितळून येत असेल. कारण पटण्यासारखं होतं. फक्त चरबी असती तर सावलीत गोठली असती, आणि हा थेंब सावलीतही तसाच सैल आणि कोमट होता.

तिनं कॅमेरा घातला. बोटाएवढा जाड, टोकाला बारीक दिवा, मागं लांब केबल, चित्र मोबाइलवर. उजव्या बीममध्ये दिसलं ते पुस्तकात दाखवतात तसं: तपकिरी खवले, एका ठिकाणी वेल्डिंगचे दाणे, खवल्यांखाली निरोगी लोखंड.

डाव्यात खवले नव्हते. आतली बाजू गुळगुळीत होती, ओलसर, आणि गंजाच्या रंगाची नव्हती, तांबूस होती. वरच्या अंगाला आडव्या वळ्या होत्या, एकामागून एक, मऊ दिसणाऱ्या. दिव्यामुळे रंग बदलतो, तनुजा स्वतःशी म्हणाली. वळ्या पत्रा दाबताना पडल्या असतील. मग तिच्या लक्षात आलं की तिची जीभ तोंडात वर जाऊन स्वतःची टाळू चाचपते आहे आणि तिथंही तशाच वळ्या आहेत.

तिनं कॅमेरा ओढून काढला आणि पुन्हा चूळ भरली. हल्ली ती फार चुळा भरायची. सकाळी दात घासताना बेसिनमध्ये तपकिरी थुंकी पडायची. हिरड्या दुखावल्या असतील.

५

मेण फवारायचं नळीनं. लांब नळी, टोकाला चारी बाजूंनी उडवणारं नोझल. ती बीमच्या तळापर्यंत सारायची आणि फवारत फवारत हळूहळू मागं ओढायची, म्हणजे आत सगळीकडे सारखा थर बसतो आणि वर्षानुवर्षं लोखंडाला हवा लागत नाही. उजव्या बीमला डब्यातलं जेवढं लागायचं तेवढंच लागलं. मधाच्या रंगाचा सुंदर थर बसला. तनुजाला स्वतःचं कौतुक वाटलं.

डाव्यात दुप्पट गेलं तरी भोकांतून बाहेर येईना. नळी मागं ओढताना दोन वेळा अडकली. अडकली असंच ती म्हणत होती. अडकलेली वस्तू हिसका दिला की सुटते. ही हिसका दिला की किंचित आत जायची आणि मग सुटायची.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात उजव्या बीममधलं मेण जागच्या जागी होतं. डाव्यात मेणाचा टिपूसही नव्हता. सांडलं असतं तर जमिनीवर दिसलं असतं. जमीन कोरडी होती. बीम आतून चाटूनपुसून स्वच्छ होता.

नवनाथनं नोझल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. पितळेच्या तोंडावर बारीक खाचा पडल्या होत्या.

"उंदीर असंल," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. आणि मग, दुपारच्या डब्याला, त्याच्या बायकोनं निगडीत नवं काम बघितलंय, भावाच्या ओळखीतलं, असं काहीबाही बोलला. डबा त्यानं रस्त्यापलीकडे जाऊन खाल्ला.

निरंजनचा फोन आला. रविवारी येतो, म्हणाला. व्हिडिओची वाट बघतोय. पॅकिंगवाल्याचाही आप्पांना फोन आला होता. तनुजानं मेणाचे आणखी डबे मागवले. तेही डाव्या बीमनं रिचवले.

६

गुरुवारी कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्याला सुट्टी. लाइटही त्याच दिवशी जाते. नवनाथ आला नाही. तनुजा एकटीच आली, भर दुपारी, शटर अर्धं वर करून. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत पत्र्याखालची भट्टी. प्रेस शॉप बंद होतं. ती धप्प धप्प नसली की शेड किती मोठी वाटते हे तिला त्या दिवशी कळलं.

आणि त्या शांततेत तिला तो आवाज ऐकू आला. तो रोजच असावा. मशीनांच्या खाली झाकला जात असावा.

घुटका. मग थोडी उसंत. मग पुन्हा घुटका. तान्हं मूल अंगावर पितं तसा, संथ, निवांत.

पत्रा तापून वाजत असेल. मेण ओघळत असेल. आपणच घोट गिळत असू. या शेवटच्या कारणासाठी तिनं स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. गळा स्थिर होता. आवाज झाला.

तेव्हा तिला भीतीपेक्षा चीड आली. रविवारी निरंजन येणार, त्याला दाखवायला व्हिडिओ नाही, आणि का नाही याचं कारण आपल्याला माहीत नाही. आप्पांसारखं. तिनं कॅमेरा घेतला आणि डाव्या बीमच्या मागच्या तोंडातून आत सोडला. बीमच्या लांबीएवढी खूण म्हणून केबलवर तिनं पिवळी टेप गुंडाळलेली होती. टेप तोंडाशी आली की कॅमेरा दुसऱ्या टोकाला पोचला, असा सरळ हिशेब.

वळ्या सरकत गेल्या. ओल्या, तांबूस, एकामागून एक. टेप तोंडाशी आली. टेप आत गेली.

केबल आत वेटोळं घेत असेल, तिनं म्हटलं, आणि पुढं सारत राहिली. पण पडद्यावर चित्र पुढंच चाललं होतं. मग एक वळण आलं. सरळ बीमला वळण नसतं. वळणानंतर वाट वर जायला लागली, अरुंद झाली, आणि केबल सारायला जोर लागेना. सारावीच लागेना.

शेवटी एक गोल उजेडाचा ठिपका दिसला. मोठा झाला. आणि त्यातून, उंचावरून, जमीन दिसली. तेलाचे डाग. निळा ड्रम. स्टँडवर ठेवलेली जीपची चासी, आणि तिच्या शेपटाशी वाकलेली एक बाई, पाठमोरी, पाठीवर घामाचा लांबट डाग, केसांत मोडक्या दाताची क्लिप.

तनुजानं क्लिपला हात लावला. पडद्यावरच्या बाईनं, जराशा अवकाशानं, क्लिपला हात लावला.

ती हळूच वळली. मागच्या खांबावर, पत्र्याच्या जरा खाली, हिरवा रंग फुटला होता आणि तिथं एक भोक होतं. तिथंही खुंटी असणार. रंगाखाली कधी दिसली नव्हती. भोकात कॅमेऱ्याचा बारीक दिवा चमकत होता, जीपमधून आत गेलेला दिवा. आणि त्याच्याभोवती ओलसर, तांबूस असं काही होतं. ते पापणीसारखं नाही, ओठांसारखं मिटलं. दिवा आत गेला.

तिच्या बोटांतून केबल सरकायला लागली. घाई नव्हती. खीर ओरपताना शेवई आत ओढावी तशी ती जात होती. तनुजानं दोन्ही हातांनी धरली, पाय चासीला लावला आणि ओढली, ओढली, तोंडातून कसला तरी आवाज काढत ओढली, आणि एकदम सगळी बाहेर आली. कॅमेऱ्याची काच लखलखीत स्वच्छ होती, ओली, कोमट. पिवळी टेप केबलवर कुठंच नव्हती.

ती शेडच्या मागं चराशी जाऊन ओकली. पोटात काही नव्हतं तरी ओकली. जे पडलं ते तपकिरी होतं.

७

आप्पा घरी खाटेवर पडले होते. तिनं उंबऱ्यातूनच विचारलं, आत काय आहे?

"ठाव न्हाई," आप्पा म्हणाले.

सगळा जन्म तिला वाटत आलं होतं की यांना माहीत असतं आणि हे सांगत नाहीत. त्यावर ती चिडायची, त्यावरच तिचं आयुष्य पोसलं होतं. आता ते खाटेवर उठून बसले आणि तिच्या लक्षात आलं की यांना खरंच माहीत नाही. कधीच नव्हतं.

"म्हाताऱ्यानं सांगितलं, आखाडात पाजायचं आन खुंट्या बगायच्या. मी केलं."

"विचारावंसं वाटलं नाही?"

"वाटलं की. पर इच्यारून काय करनार व्हतो? त्याच लोखंडावर शेड हुबी हाय." ते थांबले. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर खाली आली आणि ओठांवर ठरली. "तुझ्या तोंडात गेलं का गं?"

तनुजानं मनगटानं ओठ पुसले. आप्पांनी मान हलवली, नापास झालेल्या पोराच्या वर्गशिक्षकानं हलवावी तशी नव्हे; आपलाच जुना निकाल पुन्हा हाती यावा तशी. मग त्यांनी तिच्यासमोर आपले ओठ मागं ओढून दाखवले. हिरड्यांवरचे ते तपकिरी डाग तिनं आजवर तंबाखूचे समजले होते.

दुर्गाबाई आतून आल्या. हातात स्टीलचा डबा. टाकून द्या म्हटलेली चरबी त्यात होती, पिवळट, घट्ट, एका कडेला बोकडाचे केस चिकटलेले.

"ठिवली व्हती म्या," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या येशील म्हनलं."

तिनं डबा घेतला. भांडायला काही उरलं नव्हतं. शेडच्या मागं चूल पेटवली, जळक्या ऑइलात चरबी वितळवली. वास केसांत शिरला, थेट शाळेतल्या वेणीपर्यंत. नरसाळं लावून तिनं ते डाव्या बीममध्ये ओतलं. पहिल्यांदा नरसाळ्यात तुंबलं. मग गर्रकन भोवरा झाला आणि सगळं एका दमात आत गेलं, नरसाळं बीमच्या तोंडाला चिकटून बसलं, उचकटून काढावं लागलं. आतून समाधानाचा, जड, चरबट ढेकर आला. उष्ण हवा तिच्या तोंडावर पडली.

बांधावरची बाभूळ तोडून तिनं नव्या खुंट्या तासल्या. ठोकताना प्रत्येक खुंटी आधी मऊ जागी टेकायची. ती जागा किंचित दबायची, मग उलट दाबायची, चाचपत, आणि घाव बसला की मागं सरायची. तनुजा दर घावाला डोळे मिटत होती. सगळ्या ठोकून झाल्या तेव्हा घुटक्यांचा आवाज थांबला.

उरलेल्या दिवसांत बॉडी परत चढली आणि तिनं उजव्या बीमचा व्हिडिओ काढला. एकदा पुढच्या तोंडातून, एकदा मागच्या. मधाच्या रंगाचा, एकसारखा, सुंदर थर.

८

निरंजन बायकोला घेऊन आला. दोन्ही व्हिडिओ त्यानं थांबवून थांबवून पाहिले आणि असं काम पुण्यात कोणी करत नाही असं तीन वेळा म्हणाला. मग वाकून खाली पाहिलं. त्याला समजत होतं, हेच वाईट होतं.

"या बाजूला लाकडाच्या खुंट्या का आहेत? पाणी निघायला भोकं उघडी लागतात ना?"

शटरजवळच्या खुर्चीत आप्पांनी पेपर खाली केला.

"त्या काढू नका," तनुजा म्हणाली.

"पण का?"

"आम्ही ठोकल्यात."

तिचा स्वर असा होता की त्यानं पुढं विचारलं नाही. उलट हसला, जुन्या घराण्याची काही पद्धत असावी असं त्याला वाटलं असणार. आखाडात गाडी इथं घेऊन यायची, दर वर्षी, दुसरीकडे कुठं दाखवायची नाही, हे तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

"सर्व्हिसिंग का?"

"हो. सर्व्हिसिंग."

जीप रस्त्याला लागली. निरंजनच्या बायकोनं वळून हात हलवला. आप्पा खुर्चीतून उठले, कमरेची लोखंडी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली, आणि बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं असं त्यांचं तोंड मोकळं झालं. "सुटले बाबा माझे गुडघे," ते म्हणाले. पॅकिंगवाल्याला शेड मी कधी देणारच नव्हतो, हे पाजणं-ठोकणं त्याला कोण सांगत बसणार, असंही म्हणाले. मग घराच्या वाटेला लागले. मागं वळून पाहिलं नाही.

शेड तनुजाची झाली. नवनाथनं तिच्या हातातल्या खुंट्या पाहून काही न विचारता आपली हत्यारं पिशवीत भरली आणि राम राम करून गेला. शेजारी प्रेस शॉपची धप्प धप्प चालू होती. खांबावरचं ते भोक अजून उघडंच होतं. जीप जाईपर्यंत तिनं वर पाहायचं टाळलं होतं. भोकाखालच्या हिरव्या रंगावरून एक तपकिरी तार निम्म्या खांबापर्यंत उतरून आली होती.

तिनं शिडी लावली. कोपरात उरलेल्या चरबीचा डबा अडकवला. एका हातात खुंटी, एका हातात हातोडी. धरायला हात उरला नाही म्हणून किल्ली दातांत धरली आणि चढली.

वर पोचल्यावर लोखंडाची चव जिभेवर पसरली. नाणं, आणि त्याखाली ती दुसरी, चरबट. तनुजा थांबली. मळमळ उठेल, मग उतरेल, मग ठोकू, असं तिनं ठरवलं होतं. ती वाट पाहत राहिली.

मळमळ आली नाही. तोंडाला पाणी सुटलं. तिनं घोट गिळला. आणि मनगटाखालच्या जाड हिरव्या रंगाआड, त्याच क्षणी, खांबानंही गिळला.